मेक्सिकन रॉक ऐकायला सुरुवात कशी करावी

मेक्सिकोच्या रॉक संगीताकडे वळणारा नवा श्रोता बहुधा कार्लोस सांतानाच्या गिटारपासून किंवा ग्वादालाहारा शहरातल्या ‘माना’ या लोकप्रिय बँडपासून सुरुवात करतो. चार-दोन गाणी त्याला आवडतात, आणि पुढे कुठे जावे हे न कळल्यामुळे तो तिथेच थांबतो. माझेही सुरुवातीला तसेच झाले होते. नंतर गाणी कालक्रमाने ऐकत गेलो, तेव्हा लक्षात आले की या संगीताची खरी गोष्ट गिटारच्या सुरावटींपेक्षा जागेची आणि भाषेची आहे. प्रत्येक पिढीला गाण्यासाठी जागा कोणी दिली, कोणी काढून घेतली आणि तिने कोणत्या भाषेत गायचे ठरवले, हे कळले की कानाला सगळे उलगडत जाते. म्हणून या लेखातली प्रत्येक पायरी ओलांडताना दोनच प्रश्न विचारावेत: हे गाणे कोणत्या भाषेत आहे, आणि ते कुठे वाजले?

तयारी: वही आणि उच्चार

एक वही घ्यावी आणि पानावर चार रकाने आखावेत: वर्ष, शहर, भाषा, जागा. जागेच्या रकान्यात रेडिओ, कॅफे, मैदान, गोदाम, स्टेडियम असे जे असेल ते लिहावे. रोज दोन-तीन गाण्यांपेक्षा अधिक ऐकू नयेत, पण जे ऐकाल ते लागोपाठ दोनदा ऐकावे.

नावे देवनागरीतच लिहावीत, असा माझा आग्रह आहे, कारण स्पॅनिशचे उच्चार मराठी माणसाला मुळीच जड जात नाहीत. त, द आणि र हे वर्ण आपल्या जिभेवर जवळजवळ तयारच असतात. इंग्रजी वळणाने ‘जेव्हियर’ वाचण्याचा मोह होतो तिथे ‘हावियेर’ म्हणावे, आणि दोन एल एकत्र दिसले की ‘य’ म्हणावे, एवढे दोन नियम सुरुवातीला पुरतात. नाव नीट उच्चारता आले की गाण्यातले शब्दही सुटे ऐकू येऊ लागतात.

पहिली पायरी: फोडणी दिलेली गाणी

१९५०च्या दशकाच्या मध्यात रॉक अँड रोल मेक्सिकोत आला तो नृत्यवृंदांच्या आणि सिनेमाच्या वाटेने. ग्लोरिया रियोस ही गायिका त्या पहिल्या टप्प्यातली. दशक संपता संपता मात्र मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांनी स्वतःचे बँड काढले. ‘लोस लोकोस देल रित्मो’, ‘लोस रेबेल्देस देल रॉक’ आणि ‘लोस टीन टॉप्स’ ही त्यांतली ठळक नावे. त्यांची बहुतेक गाणी म्हणजे अमेरिकन गाण्यांची स्पॅनिश रूपे होती आणि त्यांना तिकडे ‘रेफ्रीतो’ म्हणतात. शब्दाचा अर्थ पुन्हा तळलेले, म्हणजे आपल्याकडे रात्रीच्या उरलेल्या भाताला सकाळी फोडणी द्यावी तसे. काही समीक्षक हा शब्द हेटाळणीने वापरतात, पण फोडणीच्या भाताला स्वतःची चव असते, हे मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको.

इथे एक अभ्यास अवश्य करावा. लिटल रिचर्डचे ‘गुड गॉली मिस मॉली’ आधी ऐकावे आणि लगेच १९६० सालचे टीन टॉप्सचे ‘ला प्लागा’ ऐकावे, ज्यात एन्रीके गुस्मान गातो. चाल तीच आहे, पण शब्दांत नवे घर उभे राहिले आहे. स्पॅनिश गाण्यातल्या मुलाला आईवडील बजावतात की रॉक अँड रोल नाचणे बंद कर, त्या मुलीबरोबर पुन्हा दिसलास तर तुझा ‘दोमिंगो’ संपला. दोमिंगो म्हणजे रविवार, आणि मेक्सिकन घरांत मुलांना रविवारी मिळणाऱ्या खाऊच्या पैशांनाही दोमिंगोच म्हणतात. आईवडिलांसाठी गाण्यात ‘हेफेस’ म्हणजे ‘साहेब लोक’ हा बोलीतला शब्द आला आहे. आईवडिलांची तंबी अमेरिकन गाण्यातही होती, पण दोमिंगो आणि हेफेस तिथे नव्हते. रविवारच्या पैशांची ही एक धमकी आली आणि ते गाणे मेक्सिको शहरातल्या कुठल्याही घरातले झाले. ही ओळ वहीत लिहून ठेवावी, कारण तीस वर्षांनंतरच्या एका गाण्यात तिचे उत्तर सापडणार आहे.

या काळाची जागा म्हणजे ‘काफे कांतांते’, म्हणजे कॉफी आणि शीतपेये देणारी, दारू न विकणारी छोटी गाण्याची ठिकाणे. १९६०च्या दशकात पोलिसांनी अशा ठिकाणांवर छापे घातले आणि त्यांतली अनेक बंद पाडली. दुसरीकडे ध्वनिमुद्रिका कंपन्यांनी बँडमधले गायक वेगळे काढून त्यांना गुळगुळीत प्रेमगीतांचे तारे बनवले. या दुसऱ्या प्रवाहातली गाणी दोन-तीन ऐकली तरी पुरेत.

दुसरी पायरी: सीमेवरचे तिहुआना

आता नकाशा उघडावा. अमेरिकेच्या सान दियेगो शहराला लागून, सीमेच्या दक्षिणेला तिहुआना आहे. पलीकडच्या रेडिओ केंद्रांवरचे ब्लूज आणि रिदम अँड ब्लूज हे कृष्णवर्णीय अमेरिकनांचे संगीत इथे घरबसल्या ऐकू येत असे, आणि सीमा ओलांडून मौजेसाठी येणाऱ्या अमेरिकन गिऱ्हाइकांसमोर आवेनिदा रेवोलुसियोन या रस्त्यावरच्या क्लबांत बँड तासन्तास वाजवत. त्यामुळे राजधानीतली मुले गुळगुळीत स्पॅनिश रूपे गात असताना तिहुआनातली मुले मूळ संगीत हाताखालून घालत होती.

हावियेर बातीस हा या शहराचा गिटारवादक. तिथल्या एका उद्यानात त्याचे वादन ऐकून थक्क झालेला, त्याच्याकडून गिटार शिकलेला मुलगा म्हणजे कार्लोस सांताना. सांतानाचा जन्म हालिस्को राज्यातल्या आउत्लानचा, वाढ तिहुआनाची आणि कारकीर्द सॅन फ्रान्सिस्कोची. तो १९६९ साली वुडस्टॉक या अमेरिकेतल्या प्रचंड रॉक महोत्सवात पोचला. बातीस मात्र मेक्सिकोतच राहिला आणि २०२४ साली वारला. सांतानापासून सुरुवात केलेल्या श्रोत्याने इथे थांबून बातीस ऐकावा, म्हणजे शिष्याच्या हातातली कोणती गोष्ट गुरूकडून आली हे कानाला समजते.

रिची वालेन्सचे नावही तुम्हाला वाटेत भेटेल. तो कॅलिफोर्नियात जन्मलेला मेक्सिकन वंशाचा मुलगा होता आणि १९५८ साली त्याने ‘ला बाम्बा’ हे वेराक्रूस प्रांतातले लोकगीत विजेच्या गिटारवर वाजवले. पुढच्याच वर्षी विमान अपघातात तो गेला. तो अमेरिकन रॉकचा माणूस. तरी आपले लोकसंगीत रॉकमध्ये जसेच्या तसे नांदू शकते, हे त्याने मेक्सिकोतल्या बँडच्या फार आधी करून दाखवले.

तिसरी पायरी: त्लातेलोल्को ते आवांदारो

इथे घाई करू नये. सगळ्या इतिहासाचा सांधा या तीन वर्षांत आहे.

२ ऑक्टोबर १९६८ रोजी, ऑलिंपिक सुरू व्हायला दहा दिवस उरले असताना, मेक्सिको शहरातल्या त्लातेलोल्को चौकात जमलेल्या विद्यार्थ्यांवर आणि नागरिकांवर सैन्याने गोळीबार केला. मृतांचा आकडा आजही वादाचा आहे. १० जून १९७१ रोजी विद्यार्थ्यांच्या मोर्चावर सरकारने पोसलेल्या टोळीने पुन्हा हल्ला केला. चार तरुण एकत्र दिसले की संशय घ्यायचा, असा तो काळ होता. त्याच काळात ‘ला ओंदा चिकाना’ या नावाने ओळखली जाणारी रॉकची लाट उसळली. दुरांगोचा ‘लोस डग डग्स’, ग्वादालाहाराचा ‘ला रेवोलुसियोन दे एमिलियानो सापाता’, तिहुआनाचे ‘पीस अँड लव्ह’ आणि ‘एल रितुआल’ असे बँड स्वतःची गाणी रचू लागले. रेफ्रीतोचा काळ मागे पडला, पण गाणी मुख्यतः इंग्रजीत होती. क्रांतिवीर सापाताचे नाव लावलेल्या बँडचे गाजलेले गाणे ‘नॅस्टी सेक्स’ हेसुद्धा इंग्रजीच. वहीतल्या भाषेच्या रकान्यात ही विसंगती ठळक उतरेल, आणि ती दोष म्हणून पाहू नये. ज्या भाषेत शाळा, सरकार आणि दूरदर्शन बोलत होते तिच्यापासून दूर जाण्याची ती एक वाट होती, आणि जगाशी बोलण्याची आशाही तिच्यात होती.

११ सप्टेंबर १९७१ रोजी वाये दे ब्रावो या तळ्याकाठच्या गावाजवळ आवांदारो इथे मोटारशर्यत आणि रॉक संगीत असा जोडकार्यक्रम ठरला होता. शर्यत रद्द झाली, कारण माणसांचा लोंढाच एवढा आला की गाड्यांना जागा उरली नाही. उपस्थितीचे अंदाज दीड लाखापासून तीन लाखांपर्यंत जातात. पाऊस, चिखल आणि तोकडी ध्वनियंत्रणा असूनही रात्रभर संगीत चालले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ‘थ्री सोल्स इन माय माइंड’ या बँडने शेवट केला. एक रेडिओ केंद्र तो कार्यक्रम थेट प्रक्षेपित करत होते. पीस अँड लव्ह मंचावर असताना गांजावरचे गाणे आणि एक शिवी लहरींवर गेली आणि प्रक्षेपण तोडण्यात आले.

आवांदारोला ‘मेक्सिकन वुडस्टॉक’ म्हणण्याची पद्धत आहे. मला ती तुलना अपुरी वाटते. वुडस्टॉकनंतर अमेरिकेत रॉकचा धंदा फोफावला, आवांदारोनंतर मेक्सिकोत रॉकची दारे बंद झाली. वृत्तपत्रांनी नग्नता आणि अमली पदार्थ यांचे मथळे रंगवले, ओंदा चिकानाची गाणी रेडिओवरून उतरली, कंपन्यांनी पाठ फिरवली आणि मोठ्या मैफलींना परवानग्या मिळेनाशा झाल्या. म्हणून या पायरीवर गाणी ऐकताना ‘जागा’ या रकान्यात आवांदारोपूर्वी आणि आवांदारोनंतर असे दोन भाग करावेत.

चौथी पायरी: गोदामे, मोकळे भूखंड आणि शनिवारचा बाजार

दारे बंद झाल्यावर रॉक शहराच्या कडेला गेला. नेसावालकोयोत्लसारख्या कामगारवस्त्यांत रिकामी गोदामे, वाहने दुरुस्त करण्याची आवारे, मोकळे भूखंड अशा ठिकाणी मैफली होऊ लागल्या. त्यांना ‘ओयोस फोंकिस’ म्हणत. ओयो म्हणजे खड्डा किंवा भोक. तिथे आवाज फुटका असे, पोलिसांची धाड केव्हाही पडे, आणि तरीही दर आठवड्याला माणसे जमत. मध्यमवर्गाचे समजले जाणारे संगीत इथे गरीब पोरांचे झाले, आणि त्यांच्यासमोर इंग्रजीत गाऊन भागणार नव्हते.

आलेक्स लोराचा ‘थ्री सोल्स इन माय माइंड’ या काळात स्पॅनिशकडे वळला. पोलिसी जुलमावरचे ‘आबूसो दे आउतोरिदाद’ हे गाणे त्या वळणाचे उत्तम उदाहरण आहे. लोराचा आवाज खरखरीत, ब्लूजची चौकट साधी आणि भाषा रस्त्यावरची, शिव्यांसकट. पुढे, १९८०च्या दशकाच्या मध्यात, याच बँडमधून फुटून त्याचा ‘एल त्री’ झाला. नवख्या कानाला या काळातली ध्वनिमुद्रणे ओबडधोबड वाटतात. ती हेडफोनवर ऐकण्यापेक्षा खोलीत स्पीकरवर मोठ्याने ऐकावीत, कारण ती ज्या गर्दीसाठी वाजली तिच्यात कोणी बारकावे टिपत उभे नव्हते.

४ ऑक्टोबर १९८० रोजी मेक्सिको शहरातल्या चोपो विद्यापीठ संग्रहालयात ध्वनिमुद्रिकांच्या देवघेवीचा बाजार भरला. ‘तियांगिस’ म्हणजे आठवडी बाजार, आणि हा शब्द थेट नाहुआत्ल या मेक्सिकोतल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतून आलेला. संग्रहालयाबाहेर पडल्यावर या बाजाराला अनेक वेळा जागा बदलावी लागली. सध्या तो दर शनिवारी बुएनाविस्ता स्थानकाजवळ भरतो आणि ‘एल चोपो’ याच नावाने ओळखला जातो. दुकानांत जे मिळत नव्हते ते इथे अदलाबदलीने मिळे. कधी मेक्सिको शहरात जाण्याचा योग आला तर शनिवार राखून ठेवावा आणि बदल्यात द्यायला स्वतःजवळची एखादी तबकडी सोबत न्यावी.

पाचवी पायरी: एका गाण्याची पायरी

या पायरीवर एकच गाणे आहे. रोद्रीगो गोन्सालेस हा ताम्पिको बंदरातून राजधानीत आलेला गायक ‘रॉकद्रीगो’ या नावाने ओळखला जाई. तो आणि त्याचे काही सोबती स्वतःला ‘रुपेस्त्रे’ म्हणत, म्हणजे गुहाचित्रांच्या काळातले. एक साधी गिटार, हार्मोनिका आणि शब्द, एवढीच त्यांची सामग्री होती. त्याचे ‘मेट्रो बाल्देरास’ या नावाने ओळखले जाणारे गाणे शब्द समोर ठेवून ऐकावे. बाल्देरास स्थानकावर गर्दीच्या एका लोंढ्याने प्रेयसीला ओढून नेले आणि ती हरवली, म्हणून गाणारा चालकाला विनवतो की मला कुठेही ने, पण बाल्देरासवरून नेऊ नकोस. मुंबईत दादरला संध्याकाळी गाडी बदलणाऱ्या माणसाला या गाण्याचा अनुवाद लागत नाही.

१९ सप्टेंबर १९८५ रोजी सकाळी ७ वाजून १९ मिनिटांनी मेक्सिको शहरात भूकंप झाला. त्यात कोसळलेल्या इमारतींपैकी एकीत रॉकद्रीगो राहत होता. तो ३४ वर्षांचा होता. आज बाल्देरास स्थानकात त्याचा पुतळा आहे, आणि लोक त्याच्या शेजारून गाडी पकडायला धावतात.

सहावी पायरी: स्पॅनिश रॉक घराघरांत

१९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात एका मोठ्या ध्वनिमुद्रिका कंपनीने ‘रॉक एन तू इदियोमा’, म्हणजे तुझ्या भाषेतले रॉक, अशी मोहीम काढली. सुरुवातीला तिचा भर अर्जेंटिना आणि स्पेनच्या बँडवर होता, पण तिच्यामुळे मेक्सिकन बँडनाही दार उघडले. जमीन मात्र आधीच तयार होती. १९८३ साली निघालेला ‘बोतेयीता दे हेरेस’ आपल्या संगीताला ‘ग्वाकारॉक’ म्हणत असे. ग्वाकामोले ही आवोकादोची चटणी आणि रॉक यांच्यापासून जोडलेला हा शब्द होता, आणि ज्याला उच्चभ्रू लोक गावंढळ म्हणून नाक मुरडत तेच या बँडने अभिमानाने मिरवले.

या पायरीवर तीन बँड ऐकावेत. पहिला ‘काइफानेस’. साउल एर्नांदेसचा विव्हळणारा आवाज, काळे कपडे आणि इंग्लंडच्या उदास रॉकची छाया यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या या बँडला १९८८ साली घरोघर नेले ते ‘ला नेग्रा तोमासा’ या जुन्या क्युबन गाण्याने, तेही कुंबिया या लॅटिन अमेरिकन नृत्यसंगीताच्या ठेक्यावर. लग्नसमारंभात नाचता येईल असे गाणे काळ्या कपड्यांतल्या बँडने गायले, तेव्हा दोन्हीकडचे श्रोते एका मांडवात आले. नंतर १९९२ सालचा ‘एल सिलेन्सियो’ हा अल्बम ऐकावा. तो त्यांचा सर्वांत घट्ट विणलेला अल्बम आहे, असे मला वाटते.

दुसरा ‘माल्दीता वेसिंदाद’. वेसिंदाद म्हणजे सामाईक अंगणाभोवती खोल्या असलेली मेक्सिकन चाळ, आणि ‘पाचव्या अंगणाची लेकरे’ असा अर्थ त्यांच्या पूर्ण नावात आहे. पाचवे अंगण म्हणजे रस्त्यापासून सर्वांत आत, सर्वांत गरिबांचे. जमैकाचे स्का, क्युबातून आलेले डान्झोन ही नृत्यसंगीते आणि रस्त्यावरचा गोंगाट एकत्र करणारा त्यांचा ‘एल सिर्को’ हा अल्बम १९९१ सालचा. त्यातले ‘पाचूको’ हे गाणे ऐकण्यापूर्वी वहीतले पहिल्या पायरीचे पान उघडावे. बाप मुलाला रागावतो आहे की असले कपडे घालून बाहेर पडतोस तरी कसा, आमच्या काळी सगळे कसे ऐटदार होते. मुलगा त्याला आठवण करून देतो की बाबा, तुम्ही स्वतः पाचूको होता, ढगळ सूट घालून मांबो नाचत होता, आणि तुम्हालाही घरचे बोलत होते. ‘ला प्लागा’मधला मुलगा गप्प राहिला होता, हा मुलगा उत्तर देतो. ही दोन गाणी लागोपाठ लावून पाहावीत. सगळ्या लेखातला एकच अभ्यास करायचा असेल तर हाच करावा.

तिसरा ‘काफे ताकूबा’. मेक्सिको शहराला चिकटलेल्या सातेलिते या उपनगरातल्या चार मित्रांनी शहरातल्या एका जुन्या उपाहारगृहाचे नाव किंचित बदलून घेतले. सुरुवातीची अनेक वर्षे त्यांच्याकडे ड्रमवादक नव्हता. एक तालयंत्र, उभा मोठा बास, साधी गिटार आणि मेलोडिका यांवर ते वाजवत, आणि म्हणूनच रॉकच्या ठोकळेबाज ठेक्यापासून ते सुटले. १९९४ सालचा ‘रे’ हा वीस गाण्यांचा अल्बम एका बैठकीत ऐकू नये, चार-चार गाण्यांनी ऐकावा, कारण प्रत्येक गाण्यात घर बदलते. एकात उत्तरेकडची अकॉर्डियनवरची नोर्तेन्यो, एकात बोलेरो हे संथ प्रेमगीत, एकात वेगवान पंक, एकात डिस्को. अर्जेंटिनाचा गुस्तावो सांताओलाया हा या अल्बमच्या आणि ‘एल सिर्को’च्याही निर्मात्यांपैकी एक. ‘रे’मधले ‘ला इंग्राता’ हे गाणे जुन्या नोर्तेन्यो गाण्यांच्या ढंगात प्रेयसीला गोळी घालण्याची भाषा करते. स्त्रियांच्या हत्या हा मेक्सिकोतला जिवंत प्रश्न असल्यामुळे बँडने २०१७ साली ते गाणे मैफलीत गाणे थांबवल्याचे सांगितले. ज्या गाण्यावर स्टेडियम नाचत होते ते बाजूला ठेवायला धैर्य लागते, आणि त्याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

सातवी पायरी: राजधानीबाहेर

इथून पुढे वेग वाढवायला हरकत नाही. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात उत्तरेकडच्या मोंतेरेय या औद्योगिक शहरातून ‘कोंत्रोल माचेते’चे रॅप, ‘प्लास्तिलिना मॉश’चे यंत्रसंगीत आणि ‘एल ग्रान सिलेन्सियो’चे अकॉर्डियनवरचे मिश्रण पुढे आले. राजधानीतल्या ‘मोलोतोव’ने १९९७ साली पहिला अल्बम काढला तेव्हा मुखपृष्ठ आणि भाषा यांवरून काही मोठ्या दुकानांनी तो ठेवायला नकार दिला, तर बँडने तो रस्त्यावर उभे राहून विकला. १९२९ पासून सत्तेवर असलेला पक्ष २००० साली केंद्रातली सत्ता गमावून बसला. त्याआधीच्या वर्षांतला राग ‘गिम्मे दा पॉवर’ या गाण्यात स्वच्छ ऐकू येतो.

गायिकांसाठी वेगळा दिवस राखावा. ‘सांता साबिना’ची रीता गेरेरो नाट्यप्रशिक्षण घेतलेली होती आणि तिच्या आवाजात रंगमंचाचा विस्तार आहे. ती २०११ साली कर्करोगाने गेली. तिहुआनात वाढलेली हुलिएता वेनेगास अकॉर्डियन गळ्यात अडकवून गाते, आणि तिचे पहिले दोन अल्बम नंतरच्या गाजलेल्या गाण्यांपेक्षा अधिक खोल आहेत. जागेच्या रकान्यात इथे ‘वीवे लातीनो’ची नोंद करावी. हा महोत्सव १९९८ साली मेक्सिको शहरात सुरू झाला. आवांदारोनंतर ज्या संगीताला परवानगी मिळत नव्हती ते आता तिकीट लावून हजारोंसमोर वाजू लागले.

शेवटी भाषेच्या रकान्यात इंग्रजी आणि स्पॅनिश यांच्याखाली तिसरी नोंद करावी लागेल. चियापास राज्यातल्या सिनाकांतान गावचा ‘साक त्सेवुल’ हा बँड १९९०च्या दशकापासून त्सोत्सील या माया कुळातल्या भाषेत रॉक गातो. शब्दांचे भाषांतर सहज सापडणार नाही. एक गाणे निवडावे, ते लागोपाठ तीनदा ऐकावे, आणि जो शब्द पुन्हा पुन्हा येतो तो कानाला जसा ऐकू आला तसा देवनागरीत वहीत उतरवून ठेवावा.